पहिली शाळा कोणी चालवायची?

[कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर]



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात जमिनीच्या फेरवाटपाची चर्चा होते, वेतनाची आणि भाववाढीची होते, जातिव्यवस्थेची आणि शिक्षणातील विषमतेचीही होते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर कोण सांभाळते, त्याच्याशी कोण बोलते, त्याच्या शंभर प्रश्नांना उत्तरे कोण देते, हा विषय मात्र त्या यादीत क्वचितच आढळतो. तो घरातला विषय मानला जातो. आणि घरातला म्हणजे बायकांचा, असे त्याचे परस्पर वर्गीकरण होऊन जाते. समतेवर दोन तास बोलणारा वक्ता रात्री घरी परततो तेव्हा मूल झोपलेले असते. ते झोपेपर्यंत कोणाचे किती कष्ट झाले, याची नोंद कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात होत नाही.

वास्तविक हा प्रश्न तीन अर्थांनी चळवळीचा आहे. एक तर तो श्रमाचा प्रश्न आहे. लहान मुलाचे संगोपन हे काम आहे. त्याला वेळ लागतो, कौशल्य लागते, शरीर थकते आणि त्याचा मोबदला मिळत नाही. दुसरे म्हणजे तो विषमतेचा प्रश्न आहे. पहिलीच्या वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांमधील अंतर त्या दिवशी सुरू झालेले नसते. त्या आधीच्या पाच वर्षांत ते पडलेले असते. आणि तिसरे म्हणजे तो माणूस घडण्याचा प्रश्न आहे. उच्चनीच भाव, भीती, आज्ञेपुढे मान तुकवण्याची सवय, किंवा याच्या उलट विश्वास आणि जिज्ञासा, यांचा पाया घरातच घातला जातो. विसाव्या वर्षी अभ्यासवर्गात जे पुसण्याचा खटाटोप चालतो, ते बहुधा तिसऱ्या वर्षी लिहिले गेलेले असते.

म्हणून प्रथम घरात प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे.

मूल चालू लागले की त्याला घरातले प्रत्येक काम हवेसे वाटते. आई पोळ्या लाटू लागली की त्याला कणकेचा गोळा हवा. कोणी केरसुणी हातात घेतली की तीच केरसुणी हवी. भांडी घासली जात असताना ते पाण्यात हात घालते, निवडायला घेतलेली मटकी परातीबाहेर सांडते, वाळत घातलेला टॉवेल ओढून खाली आणते. मोठ्यांच्या भाषेत याला ‘लुडबुड’ म्हणतात. बालशिक्षणाच्या अभ्यासकांना मात्र या लुडबुडीतच शिक्षण दिसले. तांब्यातले पाणी फुलपात्रात ओतताना मूल हात आणि डोळा यांचा मेळ घालायला शिकते. दारातल्या चपलांच्या जोड्या लावताना सारखे आणि वेगळे यांतला भेद त्याला कळतो. मटाराच्या शेंगा सोलताना बोटांच्या टोकांना बळ येते. हीच बोटे पुढे पेन्सिल धरणार असतात. जिना चढताना पायऱ्या मोजल्या की संख्या पायांना कळते आणि मग तोंडाला. राजमा, वाटाणा आणि हरभरा वेगवेगळ्या वाट्यांत टाकणे हे वर्गीकरणाचे पहिले पाठ आहेत. यातील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

मात्र पैसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असे नव्हे. हरभऱ्याचा दाणा मुलाने नाकात घालू नये म्हणून कोणाचा तरी डोळा त्याच्यावर असावा लागतो. सांडलेले पाणी पुसायला आणि पुन्हा तांब्या भरून द्यायला कोणाला तरी सवड हवी. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला गेला असता दहाव्यांदाही उत्तर देण्याची मनःस्थिती हवी. ज्या घरात पाणी सकाळी अर्धा तास येते, तिथे मुलाला पाण्याशी खेळू देणे ही चैन ठरते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे मुलाने पसारा करायचा कुठे? आई पहाटे चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते, तेव्हा मुलाशी बोलायचे कोणी? ‘घर हीच पहिली शाळा’ हे सुभाषित सर्वांच्या तोंडी आहे. त्या शाळेला जागा, पाणी, वेळ आणि शिक्षक कोण पुरवणार, हा प्रश्न त्या सुभाषितात येत नाही. समाजवाद्यांचे काम तिथूनच सुरू होते.

बालशिक्षणाचा आधुनिक इतिहासही श्रमिकांच्या वस्तीतूनच सुरू झाला, याचा आज जवळजवळ विसर पडला आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर त्या चाळवजा इमारतीत मुले मोकाट राहत, जिने आणि भिंती खराब करीत. इमारतीच्या मालकमंडळींना त्यावर उपाय हवा होता. माँटेसरीबाईंनी त्या मुलांकडे इमारतीला होणारा उपद्रव म्हणून पाहिले नाही. बटणे लावणे, हात धुणे, झाडणे, वाढणे अशा रोजच्या कामांना त्यांनी अभ्यासक्रमाचा दर्जा दिला, आणि उपेक्षित घरांतली मुले एकाग्रतेने तासन् तास काम करू शकतात हे जगाला दाखवले. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि मद्रासजवळच्या अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. आज आपल्या शहरांत त्यांचे नाव ज्या पाट्यांवर झळकते, त्या शाळांचे शुल्क सान लोरेंझोतल्या मजुरासारख्या माणसाला परवडण्याजोगे नसते. गरिबांसाठी निघालेली गोष्ट श्रीमंतांची ओळख कशी बनते, याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागू नये.

भारतात ही गोष्ट पुन्हा गरिबांच्या दारात नेण्याचे श्रेय ज्यांचे आहे, त्यांत गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे अग्रभागी येतात. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याला गोष्ट सांगावी आणि काम करू द्यावे, हे त्यांनी गुजराती घराघरांत पोचवले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाईंनी तो विचार मराठीत आणला. १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ आणि ‘शिक्षणपत्रिका’ ही त्यांची साधने होती. परंतु ताराबाईंना लवकरच उमगले, की हे शिक्षण शहरातील सुस्थित मध्यमवर्गापुरते राहिले तर त्याचा अर्थच उरणार नाही. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवेचे आयुष्य नाकारून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढील जवळजवळ अर्धशतक या कामाला दिले. १९५७ साली काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

याच १९४५ साली याच परिसरात आणखी एक घटना घडत होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली माणूस वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी येणाऱ्या गुलामीविरुद्ध उभा राहत होता. एका बाजूला मोठी माणसे जमीनदाराला ‘नाही’ म्हणायला शिकत होती. दुसऱ्या बाजूला, काही कोसांवर, लहान मुलांसाठी बालवाडी उभी राहत होती. या दोन कामांचे मार्ग निराळे होते आणि माणसेही निराळी होती. पण पुढे काय हवे, हे दोन्ही मिळूनच सांगतात. वेठ मोडल्याखेरीज वारली आईला मुलासाठी वेळ मिळणार नव्हता. आणि मूल शिकल्याखेरीज मोडलेली वेठ दुसऱ्या रूपाने परत येणार नाही, याची शाश्वती नव्हती.

कोसबाडचा धडा प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. बालवाडी उघडली, तरी मुले येत नव्हती. पाड्यावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखत असे. तिला शाळेत पाठवले तर धाकट्याला कोण पाहणार? त्याहून थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. शाळेची वेळ आणि घराची गरज यांचा मेळच बसत नव्हता. अशा वेळी सरकारी अहवाल ‘आदिवासी पालक शिक्षणाविषयी उदासीन आहेत’ असा शेरा मारून मोकळे होतात. ताराबाई आणि अनुताईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. झोपड्यांपुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली. गुरे चरायची तिथे कुरणशाळा भरली. धाकट्याची सोय झाली तेव्हा थोरली शिकायला मोकळी झाली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती आली. मुलाला आधी न्हाऊमाखू घालायचे, मग गाणे, मग गोष्ट, असा क्रम बसला. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे देशभर रूढ झाला तो याच अनुभवाचे नाते सांगत.

या अनुभवातून एक तत्त्व हाती येते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे शिक्षण त्याच्या घरापासून तोडता येत नाही, आणि ते एकट्या घरावर टाकूनही देता येत नाही. घर आणि समाज यांनी ते अंगणात भेटून करायचे असते.

आता घराकडे पुन्हा वळू. घरात हे काम कोण करते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने दिलेले आकडे बोलके आहेत. १५ ते ५९ या वयोगटातील स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या देखभालीत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रीचा रोजचा सरासरी वेळ १४० मिनिटे होता, सहभागी पुरुषाचा ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणे, झाडलोट यांचा वेळ यात धरलेला नाही, तो निराळा. म्हणजे मुळात पुरुष कमी संख्येने हात लावतात, आणि जे लावतात तेही निम्म्या वेळात सुटतात. कारखान्यात कामाच्या वाटपात असा भेद झाला असता, तर युनियनने दुसऱ्या दिवशी दारावर सभा घेतली असती.

या अन्यायावर पांघरूण घालणारी एक गोड भाषा आपल्याकडे आहे: मातृत्वाच्या गौरवाची. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. दारिद्र्याशी झुंजणारी, काम करता करता मुलाला माणुसकी शिकवणारी ती आई महाराष्ट्राच्या मनात कायमची वसली, हे योग्यच झाले. पण त्या पुस्तकाचे वाचन अनेक घरांत अर्धेच झाले. आईची थोरवी सर्वांनी घेतली. तिच्या वाट्याला आलेले कष्ट कोणाच्या वाट्याला जायला हवे होते, हा प्रश्न कोणी घेतला नाही. स्वतः गुरुजींचे जीवन त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा, मुलांना गोष्टी सांगणारा, मायेने ओथंबलेला हा पुरुष होता. आईपण हा स्वभाव आहे आणि तो पुरुषालाही लाभू शकतो, हे त्यांनी जगून दाखवले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या पुरुष कार्यकर्त्याने मुलाला न्हाऊ घालण्यात कमीपणा मानला, तर तो वारसा जयंती-पुण्यतिथीपुरताच उरतो.

थकलेल्या घराला आज एक नवा नोकर मिळाला आहे: मोबाइल. मूल रडू लागले की त्याच्या हाती तो दिला जातो. जेवत नसले की त्यावर चित्रे लावली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वर्षाच्या आतील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक बसवू नये. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. मुलाच्या बोबड्या शब्दाला तो प्रतिसाद देत नाही, आणि भाषा तर प्रतिसादातून येते. मूल ‘भू’ म्हणते, कोणीतरी ‘हो, ते बघ पाणी, थंडगार पाणी’ असे म्हणते, आणि एका शब्दाचे पाच शब्द होतात. हे सारे खरे असले तरी त्यावरून आईला दोष देणारी प्रवचने ऐकली की संताप येतो. ज्या बाईला सकाळी डबा करायचा आहे, पाणी भरायचे आहे आणि आठची गाडी गाठायची आहे, तिच्या हाती तिसरा हात म्हणून मोबाइल येतो. तो काढून घ्यायचा तर त्या जागी माणसाचा हात द्यावा लागेल. तो पहिला हात तिच्या नवऱ्याचा असायला हवा, आणि दुसरा समाजाचा.

मध्यमवर्गीय घरांत याच्या उलट रोग आहे. तिथे मुलाला मोकळे सोडण्याची भीती वाटते. अडीच वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला बसवतात. पाहुण्यांपुढे इंग्रजीत रंगांची नावे म्हणून दाखवायला लावतात. घरात मराठी आणि मुलापुरती मोडकी इंग्रजी, अशी दोन दरडींवरची भाषा सुरू होते. ज्या बोटांनी अजून मातीही धड मळलेली नाही, त्यांच्याकडून आखीव ओळीत अक्षरे मागितली जातात. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच शिक्षणाच्या ओझ्याविषयी इशारा दिला होता आणि बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली होती. तरीही तीन वर्षांच्या उमेदवाराची आणि त्याच्या आईबापांची परीक्षा घेणारा बाजार फोफावला. मुलाने त्याच्या मातृभाषेत भरपूर ऐकावे, भरपूर बोलावे, त्या भाषेतल्या बडबडगीतांनी त्याचे कान तयार व्हावेत, यासाठी एक पैसाही लागत नाही. आणि कदाचित म्हणूनच बाजाराला त्यात रस नाही.

घरातल्या शाळेत न लिहिलेला एक अभ्यासक्रमही असतो. कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवलेला मूल पाहते. कोणाला ‘अहो’ म्हणायचे आणि कोणाला ‘ए’, हे ते कोणी न शिकवता उचलते. ताई पाणी आणून देते आणि दादा बसल्या जागी पितो, हे त्याच्या ध्यानात येते. पाहुण्यांच्या आडनावावर घरातला स्वर कसा बदलतो, हेही त्याला ऐकू येते. जातिअंताच्या परिषदेत ठराव करणाऱ्या घरातसुद्धा हा अभ्यासक्रम बिनबोभाट चालू असू शकतो. तसेच माराचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली. घरातली चापट मात्र अजून ‘वळण लावणे’ या नावाखाली प्रतिष्ठित आहे. ज्याच्या अंगात बळ अधिक त्याचे म्हणणे खरे, हा धडा चापट देते. लोकशाहीच्या दृष्टीने याहून घातक धडा नाही. मुलाला ‘नाही’ म्हणू देणे, त्याला कारण सांगणे, दोन सदऱ्यांपैकी कोणता घालायचा हे त्याला ठरवू देणे, या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींत नागरिक घडत असतो. वेळेची घाई आणि पोटाची काळजी नसेल तर माणूस अधिक संयमी होतो, हेही इथे विसरून चालणार नाही. संयमालाही भौतिक पाया लागतो.

आता शासनाकडे वळू. राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची दिशा दिली होती. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण मूलभूत हक्क झाला याचा आनंद रास्त होता. पण तो हक्क ६ ते १४ या वयापुरता ठरला. सहा वर्षांखालील मुले नव्या अनुच्छेद ४५ मध्ये गेली, आणि त्यांच्यासाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच आश्वासन उरले. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच हक्क देतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग ज्या वयात वाढ सर्वाधिक, त्याच वयात हक्क नाही, ही विसंगती नव्हे काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण अशा सेवा एका छपराखाली आणण्याची ती कल्पना थोर होती. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. परंतु तीन वर्षांखालील मुलाला तिथून मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो. आई कामावर असताना त्याला सांभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. तीन ते सहाच्या मुलांसाठी ती काही तास चालते, शेतावरच्या किंवा बांधकामावरच्या मजुरीचा दिवस मात्र त्याहून कितीतरी लांब असतो. आणि हे सारे ज्या बाईच्या खांद्यावर आहे तिला वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. केंद्राने २०१८ साली अंगणवाडी सेविकेचे मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० केले. राज्ये आपली भर त्यात घालतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या सेविका व मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही महाराष्ट्रातील सेविकांना डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ पन्नास दिवस संपावर राहावे लागले. मुलाचे संगोपन आईने केले तर ती माया, आणि सेविकेने केले तर ती सेवा! दोन्हीकडे श्रम हा शब्द कटाक्षाने टाळला जातो, कारण श्रम म्हटले की मोल द्यावे लागते.

पाळणाघरांची कथाही अशीच आहे. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, तेव्हा एक वाट दिसली होती. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पन्नासची ती अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरली. घरकामगार बाई, शेतमजूर बाई, बीडकडून कारखान्याच्या फडावर जाणारी ऊसतोडणी करणारी बाई, यांपैकी कोण पन्नासांच्या आस्थापनेत काम करते? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. ती कागदावर जितकी ठळक होती, तितकी कामाच्या जागी दिसली नाही. उसाच्या फडावर पाचटाच्या सावलीत निजलेले मूल हे या देशाच्या बालधोरणाचे खरे चित्र आहे.

यावर काही आक्षेप येतात. लहान मुलाची जागा आईच्या कुशीत आहे, त्याला संस्थेच्या हवाली करू नये, असे एक मत आहे. मुलाला माया हवी, ओळखीचा चेहरा हवा, हे निर्विवाद आहे. परंतु अंगणवाडी किंवा पाळणाघर घराची जागा घेण्यासाठी नाही. थकलेल्या आईकडून मिळणारी माया आणि थोडी उसंत मिळालेल्या आईकडून मिळणारी माया यांत फरक असतो, आणि मुलाला तो कळतो. दुसरे मत चळवळीतलेच आहे: आधी सत्ता, आधी अर्थव्यवस्था, हे प्रश्न मग आपोआप सुटतील. हा युक्तिवाद दलितांना ऐकवला गेला, स्त्रियांनाही ऐकवला गेला. आता तो दोन वर्षांच्या मुलाला ऐकवण्याचे धैर्य कोणी करू नये. मुलाचे दुसरे वर्ष क्रांतीची वाट पाहत थांबत नाही. ते एकदाच येते आणि बारा महिन्यांत संपते.

मग कार्यकर्त्याने काय करावे? 

पहिली गोष्ट स्वतःच्या घरात. पुरुष कार्यकर्त्याने मुलाचा रोजचा एक भाग पूर्णपणे आपल्याकडे घ्यावा: आंघोळ असो, जेवण असो वा निजवणे. ‘मदत करतो’ हा शब्द सोडावा. स्वतःच्या मुलाला कोणी मदत करीत नसते. पक्षाच्या बैठकीची वेळ ठरवताना घरी मूल असलेल्या माणसाचा विचार व्हावा, आणि बैठकीच्या जागी मुलांसाठी एक चटई, थोडे खेळ आणि त्यांच्याकडे पाहणारे माणूस असावे. ते काम पाळीपाळीने पुरुषांनीही करावे. चळवळीत जोमाने उतरलेल्या कितीतरी तरुणी पहिले मूल झाल्यावर बैठकांतून दिसेनाशा होतात, आणि त्यांचे नवरे मात्र पदाधिकारी होतात. ही गळती थांबवायला ठराव लागत नाही, चटई लागते.

दुसरी गोष्ट वस्तीत. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अंगणवाडीत जावे. ती कोणत्या वेळी उघडते, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, वजनाचा काटा चालतो का, तीन वर्षांखालच्या मुलांच्या आया दिवसभर कुठे असतात, हे विचारावे आणि लिहून काढावे. सेविकेकडे तपासनीस म्हणून जाऊ नये, तिच्या बाजूचे माणूस म्हणून जावे. वस्तीतल्या आजी, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुले यांना जोडून आठवड्यातून दोन दिवस गोष्टींचे आणि खेळांचे अंगण भरवता येईल. बिया, खडे, जुन्या साड्यांचे तुकडे, कणीक आणि माती एवढ्या साहित्यावर कोसबाडने जे करून दाखवले, ते पिंपरीत, इचलकरंजीत किंवा मालेगावात अशक्य नाही.

तिसरी गोष्ट मागणीची. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण यांना कायदेशीर हक्काचा दर्जा मिळाला पाहिजे. अंगणवाडी कामाच्या दिवसाइतकी चालली पाहिजे आणि तिला पाळणाघराची जोड मिळाली पाहिजे. सेविका आणि मदतनीस यांना मानधनाऐवजी वेतन, निवृत्तिवेतन आणि प्रशिक्षण मिळाले पाहिजे. असंघटित क्षेत्रातील बाईच्या मुलाला पाळणाघर मिळण्यासाठी पन्नासांची अट आड येता कामा नये. वस्तीच्या आणि फडाच्या हिशेबाने पाळणाघरे उघडली पाहिजेत. या मागण्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ‘महिला व बालकल्याण’ या शेवटच्या पानावरच्या चार ओळींत घालू नयेत. त्यांची जागा वेतन, जमीन आणि शिक्षण यांच्या शेजारी आहे.

भांडवलशाहीने आणि जातिव्यवस्थेने माणसामाणसांत पाडलेले अंतर पहिल्या पाच वर्षांतच मुलाच्या अंगी मुरते. ते पुढे शाळेत, कारखान्यात आणि मतपेटीत दिसते. ते मुरण्याआधी तिथे पोचणे चळवळीला शक्य आहे. त्यासाठी लांब जावे लागत नाही. आपल्या घरातल्या स्वयंपाकघरापाशी आणि शेजारच्या अंगणापाशी पोचले तरी पुरे आहे.